बुफेचे जेवण : आपले वाढपी आपणच

लग्नसराई सुरू झाली की आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मोठ्या मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक ठरावीक गर्दी असते. कोणाला रात्रभर छातीत जळजळ, कोणाला उलट्या-जुलाब, कोणाची साखर अडीचशेच्या वर गेलेली, तर कोणाचा रक्तदाब चढलेला. "काल काय खाल्लंत?" असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते. "काही नाही डॉक्टर, लग्नाला गेलो होतो. बुफे होता. थोडं थोडं सगळंच घेतलं." हे "थोडं थोडं सगळंच" म्हणजे नेमके किती आणि ते कसे खाल्ले जाते, याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

बुफे हा मूळ फ्रेंच शब्द. भिंतीलगत ठेवलेले, भांडी आणि पदार्थ मांडायचे टेबल किंवा कपाट असा त्याचा अर्थ. त्यावरून, मांडलेल्या पदार्थांतून आपापले वाढून घ्यायच्या जेवणालाच ते नाव पडले. आपल्याकडे आधी मोठ्या शहरांतील हॉटेलांत, मग मंगल कार्यालयांत आणि आता तालुक्याच्या गावातील लॉनवरही ही पद्धत पोचली आहे. ती आली यात काही वावगे नाही. पाचशे-हजार पाहुण्यांच्या तीन-तीन पंगती बसवायच्या, प्रत्येक पंगतीला वाढपी जमवायचे, आणि पुढच्या पंगतीतील मंडळींनी जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे ताटकळत उभे राहायचे, हे यजमानालाही झेपेनासे झाले आणि पाहुण्यालाही. बुफेला नावे ठेवण्यापेक्षा तो नीट जेवायला शिकणे जास्त शहाणपणाचे.

पंगतीने सांभाळलेली पथ्ये

पंगतीचे जेवण आठवून पाहा. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मधोमध वरण-भाताची मूद आणि त्यावर तूप. सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मग पोळी किंवा पुरी, मसालेभात, गोडाचा पदार्थ आणि शेवटी मठ्ठा किंवा ताकभात. दोन वाढप्यांच्या मधे आपोआप थोडा वेळ जात असे. यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" असे म्हणत पंगतीतून फिरत. एवढ्या साध्या तीन शब्दांत वैद्यकशास्त्राचा मोठा सल्ला आहे, हे आज पटते.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर पंगत आपल्याकडून पाच गोष्टी न सांगता करून घेत होती. माणूस बसून जेवत होता, सावकाश जेवत होता, क्रमाने जेवत होता, पानात एका वेळी थोडेच पडत होते आणि जेवणाऱ्याचा उष्टा हात मुख्य भांड्यापर्यंत कधी पोचत नव्हता.

पंगतीत सारेच चांगले होते असेही नाही. "माझी शपथ आहे" म्हणून पानात आपटलेल्या जिलब्यांनी कित्येकांचे नुकसान केले आहे. आग्रहाने वाढलेले अन्न पानात तसेच राहून वाया जात होते. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे, कोणाची पंगत आधी आणि कोणाची नंतर, हा पंक्तिप्रपंच तर लाज वाटावी असा होता. बुफेच्या एकाच टेबलापाशी सगळे गाव एका रांगेत उभे राहते, ही त्याची मोठीच चांगली बाजू मानली पाहिजे.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. बुफेत वाढपी गेला, आग्रह करणारा गेला आणि आवरणाराही गेला. किती वाढायचे, कोणत्या क्रमाने वाढायचे, भांडे स्वच्छ कसे राखायचे, ही त्याची सगळी कामे आता आपल्याकडे आली. बुफेत आपण पाहुणे आहोत आणि आपले वाढपीही आपणच आहोत. हे ज्याने ओळखले त्याची तब्येतही बिघडत नाही आणि चारचौघांत त्याला कोणी नावेही ठेवत नाही.

घरून निघण्यापूर्वी

बुफे आहे म्हणून दिवसभर उपाशी राहणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. "रात्री रिसेप्शन आहे, दुपारी फक्त चहा घेतला." अशा कडकडीत भुकेने माणूस टेबलापाशी गेला की हाताला ताळतंत्र राहत नाही. दुपारी नेहमीप्रमाणे जेवावे. निघण्यापूर्वी एखादे फळ, मूठभर फुटाणे किंवा वाटीभर ताक घ्यावे. भूक असावी, पण माणूस भुकेने व्याकूळ नसावा.

मधुमेहाच्या रुग्णांनी तर हा परिच्छेद कापून ठेवावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या १० कोटींवर आहे. म्हणजे लग्नाच्या कोणत्याही मांडवात या आजाराची माणसे असणारच. त्यांना साखर वाढण्याची भीती ठाऊक असते. साखर एकदम उतरण्याची भीती मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते.

काही वर्षांपूर्वी एका रिसेप्शनमध्ये मी पाहुणा होतो. एक निवृत्त गुरुजी रांगेत उभे असतानाच घामाघूम झाले, हात थरथरू लागले, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला. "हार्ट अटॅक आलाय" म्हणून धावपळ सुरू झाली. त्यांच्या सूनबाईंना विचारले तेव्हा कळले, गुरुजींनी मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे रात्री आठला घरी घेतली होती. नवरा-नवरीचे फोटो संपेनात म्हणून जेवण लांबले, तोवर साडेदहा वाजले. कोणाच्या तरी गाडीतले साखर मोजायचे यंत्र मिळाले. साखर ४८ भरली. चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा-वीस मिनिटांत गुरुजी सावध झाले आणि म्हणाले, "मला काय झालं होतं हो?"

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि जेवणाआधीचे इन्शुलिन घेतल्यानंतर वेळेवर पोटात अन्न गेले नाही तर साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून समारंभाच्या दिवशी औषध कधी घ्यायचे, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. मनाने गोळी चुकवू नये आणि "आज गोड खायचंय" म्हणून दुप्पटही घेऊ नये. मांडवात गेल्यावर जेवणाला वेळ आहे असे दिसले तर संकोच न करता यजमानांना सांगून दोन घास आधी खाऊन घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. "वहिनी, मला मधुमेह आहे, थोडं काही आधी मिळेल का?" असे विचारल्यावर कोणतीही यजमानीण नाही म्हणणार नाही.

खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजची पूड असू द्यावी. जे व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे घेतात त्यांनी ग्लुकोजच ठेवावे, कारण या औषधांमुळे साध्या साखरेचे पचन लांबते आणि हवा तेव्हा उपयोग होत नाही. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, धडधड सुरू झाली की तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा घ्यावे. बरे वाटल्यावर थोडे जेवावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब दवाखान्यात हलवावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आधी रिकाम्या हाताने एक फेरी

मांडवात गेल्यावर पहिले काम म्हणजे साबणाने हात धुणे. आपण पन्नास जणांशी हस्तांदोलन केलेले असते, आहेराची पाकिटे हाताळलेली असतात, मोबाइल तर सतत हातात असतोच. कागदी रुमालाने हात पुसणे म्हणजे हात धुणे नव्हे.

दुसरे काम, ताट न घेता टेबलांच्या कडेने एक फेरी मारणे. काय काय आहे ते पाहून घ्यावे आणि त्यातले आपल्याला खरोखर काय आवडते ते मनाशी ठरवावे. ही फेरी न मारणाऱ्यांचे ताट पहिल्या चार भांड्यांतच भरते. पुढे आवडीची भाजी दिसली की ती त्या ढिगावर चढते. शेवटी तिन्ही भाज्या एकमेकींत मिसळतात, गुलाबजामचा पाक पुलावात शिरतो आणि ते सगळे तसेच टाकून माणूस दुसरे ताट घेतो.

रांगेत मधे घुसू नये, हे सांगायला लागू नये, तरीही सांगतो. "मी फक्त पापड घेतोय" असे म्हणत पुढच्याच्या काखेखालून हात घालणारे काका प्रत्येक लग्नात असतात. गरम आमटीचा डाव धरलेल्या माणसाला धक्का लागला तर भाजायची वेळ येते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना ताट देऊन एकटे रांगेत पाठवू नये. गरम भांडी आणि त्यांखालचे बर्नर नेमके त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतात.

ज्या त्या भांड्याचा डाव त्याच भांड्यात ठेवावा. शाकाहारी पदार्थाचा डाव मांसाहारी पदार्थात घालणे म्हणजे समोरच्याच्या श्रद्धेचा मान न राखणे. शेंगदाणा, मासे, अंडे यांची अॅलर्जी असणाऱ्यांना तर अशा मिसळलेल्या डावाने जिवावरचा प्रसंग येऊ शकतो. वाढून घेताना ओगराळे किंवा डाव आपल्या उष्ट्या ताटाला टेकवू नये. चव पाहण्यासाठी भांड्यात बोट बुडवणे, निवडून निवडून मोठा तुकडा काढणे, भांड्यावर वाकून बोलणे, शिंकणे, हे सारे टाळावे.

दुसऱ्यांदा घ्यायला जाताना आपला उजवा हात उष्टा असतो. त्याच हाताने डाव धरला की तुमच्या तोंडातले जंतू त्या दांड्यावर आणि दांड्यावरून पुढच्या शंभर जणांच्या हातावर जातात. डाव्या हाताने वाढू नये अशी आपली जुनी चाल. पण उष्ट्या हाताने वाढू नये ही त्याहून जुनी आणि जास्त शास्त्रीय. म्हणून एकतर चमच्याने जेवून हात स्वच्छ ठेवावा, नाहीतर हात धुऊन जावे, किंवा टेबलामागे उभ्या असलेल्या मुलाला "दादा, अर्धा डाव वाढ रे" असे सांगावे. हे सर्वांत सोपे.

ताटात किती आणि काय

"थोडं थोडं" कसे जास्त होते, ते पाहू. एकच पदार्थ खात राहिले की त्याची चव हळूहळू मंदावते आणि पोट भरल्यासारखे वाटते. नवा पदार्थ समोर आला की तोंडाला पुन्हा पाणी सुटते. बार्बरा रोल्स या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच प्रकारचे सँडविच दिल्यावर लोकांनी जेवढे खाल्ले, त्याहून सुमारे एक तृतीयांश जास्त त्यांनी चार वेगवेगळ्या प्रकारची सँडविच दिल्यावर खाल्ले. तिथे फक्त चार प्रकार होते. आपल्या बुफेत पाणीपुरी, चाट, डोसा, नूडल्स, तीन भाज्या, दोन भात, चार गोड पदार्थ आणि आईस्क्रीम असते. तेव्हा संयम सुटला तर नवल नाही. उपाय एकच, आपले पदार्थ आधी निवडणे. सगळ्या मांडणीतून पाच किंवा सहा पदार्थ घ्यावेत. जे घरी रोज मिळते ते सोडून द्यावे आणि ज्या आचाऱ्याच्या हातचे म्हणून नाव आहे ते चाखावे.

ताटाचे हिशेब सोपे ठेवावेत. अर्धे ताट कोशिंबीर, सॅलड आणि कमी तेलाची भाजी. पाव ताट डाळ, उसळ, पनीर, अंडी, मासे किंवा चिकन. उरलेल्या पाव ताटात पोळी किंवा भात. बहुतेक ताटांत हा हिशेब नेमका उलटा असतो. पुलाव, नान, नूडल्स, पुरी अशी एकाच जातीची मंडळी गर्दी करून बसतात आणि काकडीचे दोन काप शोभेला असतात.

क्रमालाही महत्त्व आहे. कोशिंबीर, भाजी, डाळ किंवा उसळ आधी आणि पोळी, भात, गोड नंतर अशा क्रमाने जेवल्यास जेवणानंतर साखर कमी चढते, असे मधुमेही रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत दिसून आले आहे.

आता गोडाविषयी. "डॉक्टर, एक गुलाबजाम चालेल ना?" हा प्रश्न मला मांडवातच विचारला जातो. साखर आटोक्यात असलेल्या माणसाला जेवणाच्या शेवटी, त्या जेवणातला भात कमी करून, एक लहान गुलाबजाम चालेल. पण तो "एक"च असावा आणि त्याच्या सोबतीला जिलबी, रबडी, आईस्क्रीम नसावे. एका गुलाबजाममधून साधारण दीडशे कॅलरी मिळतात. तीन खाल्ले की साडेचारशे. तासभर भरभर चालल्यावर मध्यम वजनाच्या माणसाच्या साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. हिशेब तुम्हीच करा. शीतपेयाच्या एका मध्यम बाटलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. ती पिऊन "मी गोड खाल्लंच नाही" असे सांगणारे रुग्ण मला भेटतात. तहानेला पाणी प्यावे.

रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा असावे. पापड, लोणचे, चटण्या, सोया सॉस घातलेले चायनीज पदार्थ आणि सूप एकाच ताटात आले तर दिवसाचा वाटा एका जेवणातच संपतो. हृदयाचे काम मंदावलेल्या रुग्णाला अशा एका जेवणानंतर रात्री दम लागून उठून बसावे लागते.

पहिल्या वेळी अर्धेच ताट घ्यावे. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. बुफेत उभ्या उभ्या दहा मिनिटांत ताट संपते, म्हणजे ती जाणीव होण्याआधीच आपण दुसऱ्यांदा रांगेत असतो. पहिले ताट संपल्यावर पाच-दहा मिनिटे पाहुण्यांशी गप्पा माराव्यात. त्यानंतरही भूक असेल तर जरूर घ्यावे. बुफेत दुसऱ्यांदा घेण्याला कोणी हसत नाही, पण अर्धे भरलेले ताट टाकून देणाऱ्याकडे बघणारे बघतातच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना अन्न पिकवायला काय पडते ते मी सांगायला नको.

बसा, आणि सावकाश होऊ द्या

बुफे म्हणजे उभ्यानेच जेवायचे असा नियम कोठेही नाही. खुर्ची शोधून बसावे. एका हातात ताट, दुसऱ्या हातात घास, काखेत पर्स आणि नजर फोटोवर, अशा अवस्थेत घास नीट चावला जात नाही. साठीच्या पुढील माणसे, गरोदर स्त्रिया, गुडघेदुखीचे आणि पार्किन्सनचे रुग्ण यांना तर उभ्याने जेवायला लावणे हा त्रासच आहे. घरातील तरुणांनी आजी-आजोबांना खुर्चीवर बसवून, त्यांना काय हवे ते विचारून ताट आणून द्यावे. लग्नात आल्यासारखे त्यांना तेव्हाच वाटते.

हसत-बोलत घाईने जेवताना घास घशात अडकण्याचा धोका असतो. कवळी लावणारे वृद्ध आणि पाच वर्षांखालील मुले यांच्याकडे विशेष लक्ष ठेवावे. मुलांना धावता धावता शेंगदाणे, द्राक्षे, पनीरचे मोठे तुकडे खायला देऊ नयेत. घास अडकलेला माणूस खोकू शकत असेल तर त्याला खोकू द्यावे. तो खोकू किंवा बोलू शकत नसेल, हात गळ्याकडे जात असेल, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाजवळील भागाने पाच जोरदार थापा माराव्यात. अडकलेले निघाले नाही तर मागे उभे राहून, बेंबीच्या थोडे वर मूठ ठेवून, दुसऱ्या हाताने ती धरून आत आणि वर अशा दिशेने पाच झटके द्यावेत. मदत येईपर्यंत हे आलटून पालटून चालू ठेवावे. एक वर्षाखालील बाळ आणि गरोदर स्त्री यांच्या पोटावर असे झटके देऊ नयेत. मूल एक वर्षाच्या आतले असेल तर झटके छातीच्या मधोमध द्यायचे असतात.

गरम ते गरम, थंड ते थंड

अन्नातील विषबाधेचे जंतू ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात झपाट्याने वाढतात. आपल्याकडील उन्हाळ्यातला मांडव हा नेमका याच टप्प्यात असतो. म्हणून शिजवलेले अन्न असे कोमट अवस्थेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. भांड्यातून वाफ निघत असेल तर घ्यावे. भांड्याखालचा बर्नर विझलेला, भाजीवर साय धरलेली, असे दिसले तर पुढे जावे. दही, रायते, रसमलई, रबडी बर्फात किंवा थंड पेटीत ठेवलेली नसेल तर मोह आवरावा. बारा पस्तीसच्या मुहूर्तासाठी सकाळी लवकर शिजवलेला भात दोन-अडीचपर्यंत पातेल्यात कोमट राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जंतू वाढून विष तयार करतात. आचाऱ्याच्या हातावरील जखमेतून किंवा पुळीतून येणारे स्टॅफिलोकोकस हे जंतू खव्याच्या आणि दुधाच्या पदार्थांत असेच विष सोडतात. ही विषे पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाहीत. यांमुळे जेवणानंतर एक ते सहा तासांतच उलट्या सुरू होतात.

पाणीपुरीचे पाणी, कापून ठेवलेली फळे, मठ्ठा आणि सरबतातला बर्फ यांबाबत सावध राहावे. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्याला निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. निळसर बर्फ सरबतात दिसला तर ते पिऊ नये आणि यजमानांना हळूच सांगावे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि कर्करोगाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी कच्चे, कापलेले पदार्थ सोडून गरम पदार्थच घ्यावेत.

उलट्या-जुलाब झालेच तर लगेच बंद करणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. ओआरएसची पुडी, पुडीवर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घोट घोट प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. वारंवार उलट्या, ताप, जुलाबात रक्त, लघवी कमी होणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले, किंवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. जेवणानंतर छातीत दाब, जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम असे असेल तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पीत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

यजमानांसाठी दोन शब्द

ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनीही काही गोष्टी केल्या तर पाहुण्यांचे दुवे मिळतील. पदार्थांची संख्या पाच-सहाने कमी करा. तेवढ्या पैशांत खुर्च्या वाढवा. ताटे मध्यम आकाराची घ्या. पाण्याजवळ साबण ठेवा. प्रत्येक भांड्याला वेगळा डाव आणि पदार्थाच्या नावाची पाटी लावा, त्यावर शेंगदाणे, अंडे, मासे असल्यास तसे लिहा. ज्येष्ठांसाठी एका कोपऱ्यात दोन टेबले लावून दोन मुलांना वाढायला उभे करा. लहानशी पंगतच म्हणा ना. केटररकडे अन्न सुरक्षा कायद्याखालील परवाना किंवा नोंदणी आहे का ते ठरवतानाच विचारा. भांड्यात उरलेले, कोणाचा हात न लागलेले अन्न गरम असतानाच गरजूंपर्यंत पोचवा. रात्री उरलेले सकाळी वाटणे म्हणजे दानाबरोबर आजारही वाटणे.

आणि जेवण कितीला ठेवायचे ते पत्रिकेत छापा. आठ म्हटले तर आठला वाढा. मांडवात कोणी ना कोणी गुरुजी गोळी घेऊन बसलेले असतात.

पुढच्या आठवड्यात तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लग्नाची निमंत्रणे असतील. जरूर जा. हात धुवा, एक फेरी मारा, अर्धे ताट घ्या, खुर्ची शोधा आणि आवडीचे चार पदार्थ चवीने खा. जेवणात आनंद आहे, तो डॉक्टरांनाही हवाच असतो. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी आपली भेट दवाखान्यात होऊ नये, एवढीच इच्छा.